पैशाची कविता पोरांकडून कशी लिहून घ्यावी

मी कोल्हापुरात पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करते. लक्ष्मीपुरी, पापाची तिकटी, गंगावेश असा रोजचा फेरा. कुणी वीस देतं, कुणी शंभर. एखाद्या दुकानात "ताई, आज राहू दे" असं सलग दोन-तीन दिवस ऐकलं, की त्या घराचं कसं चाललंय ते न विचारता कळतं. रविवारी सकाळी पेठेतल्या तालमीच्या वरच्या खोलीत आठवी ते दहावीची मुलंमुली जमतात. त्यांच्यासोबत मी कविता वाचते आणि त्यांच्याकडून लिहून घेते. या वयात क्लासची फी, मोबाईल, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी, सगळीकडे पैसा आडवा येतो. त्यावर बोलायला मात्र जागा नसते. तुम्हाला असा तास घ्यायचा असेल तर मी काय करते ते सांगते.

आधी एक पथ्य. "तुमच्या घरी कशाची अडचण आहे?" असं कधीही विचारू नका. एकाच सतरंजीवर भाजीवाल्या मावशींचा मुलगा आणि बंगल्यातली मुलगी शेजारी बसलेले असतात. पहिल्याला कमी असल्याची लाज वाटते, दुसरीला जास्त असल्याची. दोघंही गप्प बसतात, किंवा शाळेत शिकवलेलं छान-छान बोलतात. म्हणून घरातली बिलंही मी मागवत नाही. जुनी कागदपत्रं मीच नेते, नाव-पत्ता फाडून: विजेचं बिल, घरफाळ्याची पावती, औषधाची चिठ्ठी, दहा दिवसांचं दुधाचं बिल.

सुरुवात बाजारभावांपासून करा. "मूलभूत गरजा" म्हटलं की अन्न, वस्त्र, निवारा असं एका सुरात उत्तर येतं आणि विचार तिथंच थांबतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी मुलांना मंडईत पाठवा. आकडा असलेलं एक वाक्य ऐकून, जसं कानावर पडलं तसं वहीत उतरवून आणायचं, एवढंच काम. "दोन पेंड्या घ्या, पंधराला देतो." "सुट्टे नाहीत, कढीपत्ता घेऊन जा." "मागचे चाळीस राहिलेत बघा." हे तिसरं वाक्य कुणी आणलं, तर त्या दिवशीचा तास त्याच्यावरच घ्या. चाळीस रुपये कुणाचे, कशाचे, आणि ते सगळ्यांसमोर मागितले गेले तेव्हा ऐकणाऱ्याची मान कुठं वळली, हे मुलं लगेच सांगायला लागतात.

मग एक कविता मोठ्याने वाचा. मी बहिणाबाईंची घेते: "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर." अर्थ समजावत बसू नका. एकच प्रश्न टाका: चटका आधी आणि भाकरी नंतर, असं तुमच्या आजूबाजूला कुठं दिसतं? आमच्याकडची मुलं उसाचा विषय काढतात. ऊस कारखान्याला जातो, बिल मागाहून येतं, मधल्या काळात दुकानातली उधारी चालते. फाउंड्रीतल्या पगाराचं, गवंड्याच्या हाताखालच्या हजेरीचंही निघतं. दुसऱ्या रविवारी तुकोबांचं "जोडोनिया धन उत्तम वेव्हारे" घ्या. वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, तेही सांगा. पतसंस्थेत काम करत असल्याने मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. मुलांमध्ये यावर कडाक्याचं भांडण होतं: ज्यांचं कर्ज सुटलं त्यांच्या बाजूने काही, आणि तुकोबांच्या घरच्यांच्या बाजूने काही. ते होऊ द्या. त्यानंतरची कविता चांगली येते.

लिहायला बसताना वस्तूला बोलू द्या. उधारीची वही, पिग्मीची पावती, रेशनची पिशवी, मोठ्या भावाची लहान झालेली पँट. "मी" म्हणजे ती वस्तू. याने मुलांना आडोसा मिळतो. घरचं असलं तरी ते वहीचं म्हणून लिहिता येतं. अटी दोन: कवितेत एक खरा आकडा हवा, आणि गरीब, श्रीमंत, पैसा, सुख हे शब्द नकोत. हे चार शब्द काढले की मुलांना बघितलेलंच लिहावं लागतं. आठ ओळी पुरेत.

मला सगळ्यात आवडतो तो ओवीचा तास. जात्यावर बायका "पहिली माझी ओवी" अशी मोजत गायच्या, तोच साचा घ्यायचा. पहिली ओवी कशाला, दुसरी कशाला, हे ठरवताना गरजांचा क्रम आपोआप समोर येतो. विषय द्या महापुराचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, नळ कोरडे पडले, हायवे बंद झाला. आत्ताच्या मुलांना अंधुक आठवतं, म्हणून घरी विचारून यायला सांगा. नमुना म्हणून मी माझ्या दोन ओव्या म्हणते:

पहिली माझी ओवी गं, टँकरच्या पाण्याला
सात घागरी रांगेत, एक आली वाट्याला

दुसरी माझी ओवी गं, रेंजच्या एका कांडीला
आई नदीच्या पल्याड, पाणी लागलं वाडीला

अब्राहम मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने 1943 साली गरजांची उतरंड मांडली. तळाशी अन्न-पाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं. ती फळ्यावर काढा, पण ओव्या लिहून झाल्यानंतरच. मुलं स्वतःचा क्रम तिच्याशी ताडून बघतात, आणि बऱ्याचदा त्यांच्या ओवीत जेवणाच्या आधी मोबाईलचं चार्जिंग येतं. हसू नका, खोडू नका. आई सुखरूप आहे हे कळल्याशिवाय घास उतरत नाही, एवढंच ते पोर सांगत असतं.

दसरा चौकात राजर्षी शाहूंच्या पुतळ्याजवळून मुलं रोज जातात. महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या रुपयाला बोलायला लावा. पोर गुरं राखतंय, शाळेत गेलं तर गुरांकडे कोण बघणार, न गेलं तर रुपया कुठून आणणार? या विषयावर दहावीची मुलं खूप गंभीरपणे लिहितात.

वाचून दाखवताना "हे तुझ्याच घरचं का?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. ऐकणाऱ्याने मनात राहिलेली एक ओळ फक्त परत म्हणायची. एखाद्याच्या कवितेत उपासमार, मारहाण, शाळा सुटण्याची भीती दिसली, तर तास संपल्यावर त्याच्याशी बाजूला बोला. त्याच्या विश्वासातलं मोठं माणूस कोण ते विचारा. प्रकरण गंभीर वाटलं तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे.

शेवटी कवितांची झेरॉक्स पुस्तिका काढा आणि तिचा हिशेब मुलांच्याच हाती द्या. पानाचा दर विचारून येणं, किती प्रती, पैसे कोण घालणार, किंमत ठेवायची की फुकट वाटायची, सगळं त्यांनी ठरवायचं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने पानं जुळवायची, पिना मारायच्या. त्याचं नाव कव्हरवर इतरांच्याच ओळीत, त्याच टाइपात.