म्युझिक प्लेयरची बॅटरी: जपावी कशी, बदलावी केव्हा
म्युझिक प्लेयरमधील लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. म्हणून काही वर्षांनी प्लेयर लवकर बंद पडू लागला, तर तो बिघाड समजू नये. बराच काळ वापरायचा नसल्यास तो निम्मा चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावा, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत फार वेगाने झिजते.

दुरुस्तीस देण्यापूर्वी घरीच एक चाचणी करावी: पूर्ण चार्ज करून, स्क्रीन बंद ठेवून, मध्यम आवाजात सलग गाणी लावावीत आणि तास मोजावेत. नवा असताना चालत होता त्याच्या निम्माही वेळ प्लेयर चालत नसेल, तर बॅटरी बदललेली बरी. खर्च विचारताना बॅटरीची किंमत आणि मजुरी वेगवेगळी विचारावी. बॅटरी गोंदाने चिकटवलेली किंवा सोल्डर केलेली असल्यास मजुरीच जास्त होते, आणि खरी घासाघीस तिथेच करावी.

सपाट टेबलावर ठेवलेला प्लेयर डुलू लागला किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी चार्जिंग तत्काळ थांबवावे, ती दाबू वा टोचू नये आणि काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.