मातीतले विषारी धातू भूजलाकडे सरकतात का? तपासताना या चुका टाळा

मातीत किलोमागे ८०० मिलिग्रॅम शिसे सापडले म्हणजे खालचे भूजल बिघडलेच, असे नाही. आणि कॅडमियम फक्त ५ मिलिग्रॅम आहे म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. आम्लात विरघळवून मोजलेला आकडा एकूण साठा सांगतो. खाली झिरपतो तो कणांमधल्या पाण्यात उतरलेला अंश. त्यासाठी लीचिंग चाचणी (माती द्रावणात ढवळून किती धातू सुटतो ते मोजणे) वेगळी करावी लागते. तीही सरसकट टीसीएलपी (कचऱ्यासाठी बनवलेली लीचिंग चाचणी) नको. ती चाचणी कचरा डेपोतली परिस्थिती गृहीत धरते आणि तिच्यातले अ‍ॅसेटिक आम्ल शिसे जास्तच ओढून काढते. उघड्या जमिनीवर पाऊस पडत असेल तर एसपीएलपी (आम्ल पावसासारख्या पाण्याने केलेली लीचिंग चाचणी) जास्त जवळची. दोन्हींत मातीच्या २० पट द्रावण घेऊन बाटली मिनिटाला ३० फेऱ्यांनी सुमारे १८ तास फिरवतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे धातू कोणकोणते आहेत हे न पाहता चुना टाकणे. सामू (पीएच) ७ च्या आसपास गेला की शिसे, कॅडमियम, जस्त कणांना घट्ट धरून राहतात, हे खरे. पण आर्सेनिक आणि सहा संयुजेचे क्रोमियम बहुधा ऋणभारित रूपात असतात. सामू वाढला की लोह ऑक्साइडवरचा धनभार घटतो आणि ते सुटतात. फॉस्फेटचेही तसेच: ते शिसे बांधते, पण आर्सेनेटची (आर्सेनिकच्या ऋणभारित रूपाची) जागा घेऊन त्याला मोकळे करते. म्हणून मिश्र प्रदूषण असेल तर आधी डब्यांत मातीच्या वजनाच्या १, २ आणि ३ टक्के चुना मिसळा, एक डबा बिनचुन्याचा ठेवा, महिनाभर ओल टिकवा आणि मग लीचिंगमध्ये सगळेच धातू मोजा.

पाणी तुंबणारी जागा असेल तर आर्सेनिककडे पुन्हा पाहा. हवा संपली की लोह ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात येते. क्रोमियम मात्र अशा वेळी तीन संयुजेचे होऊन बहुतेक अडकते.

धातू खाली सरकण्याच्या वेगाचे गणित पुस्तकातल्या एकाच वाटप गुणांकावर (मातीला चिकटलेला धातू आणि पाण्यातला धातू यांचे प्रमाण) करू नका. मंदन गुणांक (धातू पाण्यापेक्षा किती पट मंद चालतो) = १ + (घनता ÷ सच्छिद्रता) × वाटप गुणांक. घनता १.६ किलो प्रतिलिटर आणि सच्छिद्रता ०.४ धरली, तर वाटप गुणांक १०० लिटर प्रतिकिलो असताना धातू पाण्याच्या ४०१ पट मंद चालतो. १ असताना फक्त ५ पट. शिवाय सुकून भेगाळलेल्या चिकणमातीत पाणी भेगांतून थेट खाली जाते, तिथे हे सूत्र लागूच पडत नाही.

आता पाण्याचा नमुना. बेलर (विहिरीत दोरीने सोडायचे नमुन्याचे नळकांडे) आपटत खाली सोडला की गाळ ढवळतो आणि धातू फुगलेले दिसतात. त्याऐवजी पंप वापरा आणि तो मिनिटाला ०.१ ते ०.५ लिटरवर ठेवा. सामू, वाहकता आणि गढूळपणा लागोपाठ तीन वाचनांत स्थिर झाले की मगच बाटली भरा. विरघळलेले धातू हवे असतील तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळा आणि त्यानंतर नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणा. आधी आम्ल घातले तर गाळातला धातूही विरघळून आकडा वाढतो. गाळणे प्रयोगशाळेवर सोडले तर वाटेत लोह गंजासारखे खाली बसते, आर्सेनिक सोबत नेते आणि निकाल खोटा दिलासा देतो. सहा संयुजेच्या क्रोमियमच्या बाटलीत हे आम्ल घालू नका, नाहीतर त्याचे रूपच बदलते. ती बाटली वेगळी भरा, ४ अंशांवर ठेवा आणि २४ तासांत तपासा.