वेरूळला जाताय? 'नंतर बघते' म्हणू नका

गाडीतून पाय खाली टाकला की 'ताई, स्फटिक बघा' सुरू होतं. मी पहिल्यांदा 'नंतर बघते' म्हणाले आणि फसले; त्या पठ्ठ्याने परतताना बरोबर गाठलं. आता एकदाच 'नको दादा' म्हणते आणि चालत राहते. दगड हातात घेतलात की संपलं! गाईड हवाच असेल तर ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा. मंगळवारी लेणी बंद.

कैलास, म्हणजे 16 क्रमांकाचं लेणं, पश्चिमाभिमुख. म्हणून दुपार कलल्यावर जा. शिखराकडून खाली कोरत आणलेला तो अखंड कातळ तिरप्या उन्हात उजळतो. जोत्याखालच्या हत्तींपाशी जरा रेंगाळा. कितीकांच्या सोंडा तुटल्यात, तरी देऊळ पाठीवर तोलून उभे आहेत बिचारे. आणि तिथे आत कोणी स्फटिक विकायला येत नाही.