रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाच्या मुलाखतीची तयारी : कोकणातील उमेदवारांसाठी

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा, म्हणजे ईएमटीचा, अभ्यासक्रम पूर्ण करून पालघर ते सावंतवाडी या पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्या बहुतेक उमेदवारांच्या हाताला काम येत असते. ते काम क्रमाने आणि मोठ्याने सांगण्याची सवय मात्र त्यांना कोणी लावलेली नसते. मुलाखत घेणारा डॉक्टर तुमच्याबरोबर गाडीत बसून पाहू शकत नाही. कशेडी घाटात रात्री अपरात्री एखादा जखमी या मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करावा की नाही, हे त्याला तुमच्या दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यावरून ठरवायचे असते. म्हणून तयारीचा मोठा भाग पाठांतरावर न घालवता, आपण काय करू, कोणत्या क्रमाने करू आणि कुठे थांबून डॉक्टरला विचारू, हे आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या आणि आजारांच्या संदर्भात बोलून दाखवण्यावर घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

नोकरी कोणाकडे आहे, हे आधी पाहावे

१०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर नेमण्याची पद्धत राहिली. १०२ ची गाडी प्रामुख्याने गरोदर माता आणि अर्भकांसाठी धावते. तेव्हा ईएमटी म्हणून अर्ज करताना ही जागा डॉक्टरच्या हाताखाली मदतनिसाची आहे, खासगी रुग्णालयाच्या गाडीवर एकट्याने रुग्ण सांभाळण्याची आहे, की लोटे-परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या वैद्यकीय केंद्रातली आहे, याची चौकशी जाण्यापूर्वीच करावी. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोकणात या तिसऱ्या प्रकारच्या जागाही निघतात. तिथे घाटातल्या अपघातापेक्षा वायुगळतीबद्दल अधिक विचारले जाते. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते पाहून, तो जिकडून येतो आहे त्या बाजूने जाणे, बचाव पथकाने रुग्णाला बाहेर आणून त्याचे कपडे उतरवून त्याला धुतल्याशिवाय गाडीत न घेणे, आणि डोळ्यांत रसायन गेले असल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धूत राहणे, एवढे तरी न अडखळता सांगता आले पाहिजे.

प्रसंग सांगून विचारलेला प्रश्न

मुलाखतीचा गाभा हाच असतो. समजा, विचारले गेले : जुलै महिना, मुसळधार पाऊस, परशुराम घाटात दुचाकी आणि टेम्पोची धडक, तुम्ही सर्वांत आधी पोहोचला आहात. कच्चा उमेदवार लगेच सलाइन आणि प्राणवायूपासून सुरुवात करतो. तयार उमेदवाराचे उत्तर साधारण असे असते : ‘गाडी वळणापासून सुरक्षित अंतरावर, मागून येणाऱ्यांना दिसेल अशी उभी करायला चालकाला सांगेन आणि इशारा दिवे चालू ठेवेन. हातमोजे घालून उतरताना डिझेल सांडले आहे का, वरून दरड सुटते आहे का, विजेची तार पडली आहे का, हे पाहीन. जखमी किती ते मोजून नियंत्रण कक्षाला कळवेन आणि गरज असेल तर दुसरी गाडी मागवेन. त्यानंतर रुग्णाकडे जाऊन, उसळून वाहणारे रक्त असेल तर ते आधी दाबून धरेन. मान हलू न देता श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, नाडी कशी आहे, शुद्ध किती आहे, हे त्याच क्रमाने पाहीन.’ यात अवघड असे काहीही नाही, पण स्वतःची सुरक्षितता पहिली सांगणारा उमेदवार आणि ती विसरणारा उमेदवार यांच्यातला फरक परीक्षकाला पहिल्याच वाक्यात कळतो.

जखमी अनेक असतील तर काय, हा त्यापुढचा प्रश्न ठरलेलाच समजावा, कारण गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर भरलेल्या बसगाड्यांची रांग असते. इथे कोणाला आधी उपचार हवेत हे रंग देऊन ठरवण्याची वर्गवारीची पद्धत सांगावी. चालू शकणाऱ्यांना बाजूला बोलावून हिरवा रंग. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, नखावर दाबल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ, किंवा साधी आज्ञा पाळता न येणे, यांपैकी काहीही असेल तर लाल. हे तीनही ठीक पण चालता येत नाही, तर पिवळा. आणि श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळा. काळा रंग देण्याचा निर्णय मनाला जड जातो, हे परीक्षकालाही माहीत असते. तरीही एका रुग्णाजवळ थांबून राहिल्याने लाल रंगाचे दोघे दगावतील, हे शांतपणे सांगता यायला हवे.

असे पाच-सहा प्रसंग लिहून काढावेत आणि घरातल्या कोणालाही समोर बसवून त्यांची उत्तरे द्यावीत. ऐकणाऱ्याला वैद्यक समजत नसले तरी चालेल. त्याने फक्त ‘मग पुढे काय?’ असे विचारत राहावे.

कोकणातले प्रश्न

पुस्तकात ज्यांना अर्धे पान मिळते असे काही विषय इथल्या मुलाखतीत निम्मा वेळ घेऊ शकतात. पहिला सर्पदंश. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कातळांवर फुरसे भरपूर. त्याचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, म्हणून हिरड्यांतून, लघवीतून किंवा दंशाच्या जागेतून रक्त येत राहते का, हे विचारावे आणि पाहावे. मण्यार आणि नागाच्या विषाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. तिथे तुमच्या हातातली अंबू पिशवी, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, औषधाइतकीच मोलाची असते. रुग्णाला धीर देणे, चावलेला अवयव फळकुटी बांधून स्थिर ठेवणे, अंगठ्या, बांगड्या आणि पैंजण काढणे, दंशाची वेळ लिहून ठेवणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाला आगाऊ कळवणे, हे तुमचे काम. जखम कापणे, चोखणे आणि आवळून दोरी बांधणे टाळायचे असते. रुग्ण दोरी बांधूनच आणलेला असेल तर काय, असा उपप्रश्न येतो. ती वाटेत झटकन सोडू नये, कारण अडलेले विष एकदम पसरून प्रकृती ढासळू शकते. डॉक्टरांच्या सूचनेने आणि प्रतिविषाची तयारी झाल्यावरच ती सोडावी, हे उत्तर तुमच्यावरचा विश्वास वाढवते.

विंचवाचे तसेच. महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे कोकणातले मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हा इतिहास उमेदवाराला ठाऊक असावा, पण औषध देण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे हेही त्याच दमात म्हणावे. तुम्ही ओळखायचे ते घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या आणि त्यानंतर येणारा धापा टाकणारा श्वास.

समुद्रात किंवा खाडीत बुडालेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबायची सवय किनाऱ्यावर अजून आढळते. तसे केल्याने पोटातले अन्न आणि पाणी उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि श्वास देण्याचा वेळ वाया जातो, हे जमलेल्या लोकांना न दुखावता कसे सांगाल, असेही विचारले जाऊ शकते. बुडालेल्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबते, म्हणून तिथे केवळ छाती दाबून भागत नाही, आधी श्वास द्यावे लागतात. प्रौढासाठी छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि दर ३० दाबांनंतर २ श्वास. लहान मुलासाठी दोन मदतनीस असतील तर १५ दाबांना २ श्वास. हे आकडे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजेत.

आंब्याच्या हंगामात कलमावरून आणि वर्षभर माडावरून पडणाऱ्यांसाठी मणक्याची काळजी, वाडीवरून निघालेल्या बाळंतिणीची गाडीतच प्रसूती, छातीत दुखणारा वृद्ध, या प्रसंगांचीही तयारी हवी. प्रसूतीबाबत एकच गोष्ट विशेष सांगतो : बाळ जन्मल्याबरोबर कोरडे करून आईच्या अंगाशी ठेवणे, आणि ते रडत किंवा श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्कने श्वास सुरू करणे, हा क्रम चुकता कामा नये.

रस्ता, खाडी आणि सिलिंडर

रुग्ण कुठे न्यायचा, याचे उत्तर ‘मोठ्या रुग्णालयात’ असे मोघम देऊ नये. रायगडचे गंभीर रुग्ण पनवेल-मुंबईकडे, रत्नागिरीचे बहुधा आंबा घाटातून कोल्हापूरकडे, आणि सावंतवाडी-दोडामार्गचे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. ज्या तालुक्यात अर्ज केला असेल तिथले ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, क्ष-किरण आणि रक्तपेढीची सोय, पावसाळ्यात बंद पडणारे घाट, यांचा नकाशा डोक्यात असावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी अंतर कितीतरी कमी होते, पण शेवटची फेरी कधी सुटते हे माहीत नसेल तर रुग्ण धक्क्यावर अडकतो. गुहागर तालुक्यात काम मागणाऱ्याने ही वेळ प्रत्यक्ष जाऊन विचारून ठेवावी.

याच संदर्भात प्राणवायूचा हिशेब विचारला जातो आणि पुष्कळ जण तिथे गडबडतात. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटरने दिला तर तो १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. रत्नागिरी ते कोल्हापूर हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर घाटात, पावसात आणि वाहतुकीत अडीच तासांत होईलच असे नाही, तेव्हा एका सिलिंडरवर निघणे धोक्याचे. सुमारे ७००० लिटरचा डी प्रकारचा सिलिंडर गाडीत असेल तर प्रश्न मिटतो, पण तो भरलेला आहे आणि चावी जागेवर आहे, हे निघण्यापूर्वी तपासणे तुमचेच काम. हा हिशेब कागदाशिवाय करून दाखवण्याचा सराव करावा.

हाताची परीक्षा आणि अधिकाराची मर्यादा

प्रात्यक्षिकात अंबू पिशवीने श्वास देणे, सिलिंडरला रेग्युलेटर बसवणे, मानेचा पट्टा, फळकुट, स्ट्रेचर गाडीत चढवणे, रक्तदाब आणि साखर मोजणे, एवढे बहुधा असते. हात चालत असताना तोंडही चालू ठेवावे. वापरलेली सुई पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात आणि रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकण्याची कृती सांगितल्याविना करावी. ती बारकाईने पाहिली जाते.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘डॉक्टरांशी फोन लागत नाही आणि रुग्णाच्या छातीत कळा येत आहेत, तर कोणते औषध द्याल?’ असा प्रश्न मुद्दाम अडचणीत टाकण्यासाठी विचारतात. संस्थेने लेखी ठरवून दिलेल्या पद्धतीत जेवढे आहे तेवढेच देईन, ॲलर्जी आणि आधीची औषधे विचारून देईन, वेळ लिहीन आणि घाटाच्या माथ्यावर रेंज येताच पुन्हा फोन करेन, असे उत्तर द्यावे. धाडस दाखवण्याच्या भरात अधिकाराबाहेरचे औषध देण्याची तयारी दर्शवणाऱ्याला जबाबदार डॉक्टर निवडत नाही, आणि निवडूही नये.

रुग्ण रुग्णालयात सोपवताना अर्ध्या मिनिटात काय सांगाल, याचीही तालीम करावी : वय, घटनेची वेळ, काय घडले, काय आढळले, नाडी-श्वास-रक्तदाब आणि आपण काय केले. अपघातग्रस्ताला घेऊन आलेल्या वाटसरूवर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. त्याच्याशी कसे बोलाल, हेही विचारले जाते. मालवणी, आगरी किंवा बाणकोटीत बोलणाऱ्या आजींची तक्रार तुम्हाला नीट कळते आणि तुम्ही त्यांना आदराने उत्तर देता, ही तुमची मोठी पात्रता आहे. ती संकोच न करता सांगावी.

कागदपत्रे आणि तुमचे प्रश्न

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, आधार, अधिवास, अनुभवाचे दाखले आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती एका फाइलमध्ये लावाव्यात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचे, प्रमाणपत्र दोन वर्षेच वैध असते, त्यावरची तारीख आजच पाहावी. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो आणि कावीळ-बी लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून ही दोन कामे जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावीत.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले की गप्प बसू नये. पाळी बारा तासांची की चोवीस तासांची, गाडीवर दुसरे कोण असते, सुई टोचल्यास पुढची तपासणी आणि औषधे कोण देते, अपघात विमा आहे का, पगार कोणत्या तारखेला आणि कोणाकडून होतो, कंत्राट किती महिन्यांचे, हे नम्रपणे विचारावे आणि उत्तरे तिथेच वहीत लिहून घ्यावीत. नियुक्तिपत्र हाती आल्यावर त्यातल्या अटी या नोंदींशी ताडून मगच सही करावी.