दुबईत आपली जाहिरात कशी दिसते?

आंबा दुबईला पाठवता, गूगलवर तिथल्यांसाठी जाहिरात लावली. पण रत्नागिरीत बसून ती दिसणार कशी? व्हीपीएनची (आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटला भासवणाऱ्या ॲपची) गरज नाही.

१. गूगल ॲड्समध्ये 'टूल्स', मग 'ट्रबलशूटिंग', त्यात 'ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' उघडा.
२. ठिकाण दुबई करा. भाषा आणि मोबाईल की कॉम्प्युटर, तेही निवडा. (भाषा बदलायची राहते आणि जाहिरात दिसत नाही म्हणून उगाच धावाधाव होते.)
३. 'अल्फान्सो मँगो' टाका. जाहिरात दिसत नसेल, तर बहुतेक वेळा कारणही तिथेच लिहून येतं: बजेट संपलं, बोली (जाहिरातीसाठी मोजायची तयारी दाखवलेली रक्कम) कमी पडली वगैरे.

प्रतिस्पर्ध्याच्या जाहिराती बघायच्या असतील तर गूगलचं 'ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर' देशानुसार दाखवतं, तेही फुकट.

साध्या गूगलवर स्वतःचीच जाहिरात सारखी शोधत बसू नका. इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा) वाढतात, क्लिक येत नाहीत, आकडे बिघडतात. क्लिक केलंत तर पैसेही तुमचेच जातात.