मेथोट्रेक्सेट चालू आहे? पुढच्या रिपोर्टआधी एवढी तयारी करा

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात झालेल्या बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट असतंच. सांधे वाकडे होण्यापासून वाचवणारं हे जुनं आणि भरवशाचं औषध आहे. माझी बोटं आज कणीक मळतात ती त्याच्यामुळेच. पण त्याच्यासोबत रक्ततपासणी कायमची येते. रिपोर्टमध्ये एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा, आकडा ठळक छापून आला की कुणी घाबरून सगळ्या गोळ्या बंद करतं, तर कुणी ‘चालायचंच’ म्हणून कागद फाइलला लावून टाकतं. दोन्हीकडे नुकसान आपलंच. तो आकडा कशामुळे वाढला हे डॉक्टरांना ओळखता यावं, इतकी माहिती आपल्या हाताशी हवी. तयारी करायची ती त्यासाठी.

सुरुवात वारापासून. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या, तो चिठ्ठीवर शब्दांत लिहून घ्या आणि घरी आल्यावर पाकिटावर जाड पेनाने लिहा. माझ्या पाकिटावर ‘फक्त गुरुवार’ असं लिहिलेलं असतं. ही स्ट्रिप रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. केमिस्टकडून औषध आणल्यावर नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा, कारण २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फॉलवाइट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, ही दोन नावं तर घाईत सहज एकसारखी वाटतात. फॉलिक अ‍ॅसिड दुष्परिणाम कमी करण्यासाठी दिलेलं असतं. ‘ती नुसती व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून टाळू नका. ती कोणत्या वारी घ्यायची तेही लिहून घ्या.

आता रक्त कधी द्यायचं ते. डोस घेतल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत एसजीपीटी तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी रक्त दिलेलं बरं. माझ्या गुरुवारच्या हिशेबाने मंगळवार किंवा बुधवार. शक्यतो लॅब एकच ठेवा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तीन तपासण्या चिठ्ठीवर आहेत ना, हे बघून घ्या. औषध नवीन असताना किंवा डोस वाढवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आणि सगळं स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करतात. तुमचं वेळापत्रक मात्र तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

रिपोर्ट आले की वहीच्या एका पानावर तारखेसमोर आकडे उतरवा: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन. एकट्या आकड्यापेक्षा ही आकड्यांची रांग जास्त सांगते. एसजीपीटी ३० वरून ३८, ४७, ५८ असं चढत असेल तर ते डॉक्टरांना लगेच दिसतं, एरवी फाइलच्या चार कागदांत ते हरवून जातं. ब्रिटनमधल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, एसजीपीटी १०० च्या वर किंवा क्रिएटिनिन वर्षभरात ३० टक्क्यांहून जास्त वाढलेलं, असं काही दिसलं तर तज्ज्ञांशी ताबडतोब बोलावं असं म्हटलं आहे. इतका फरक दिसला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा आणि पुढचा डोस घ्यायचा की नाही ते विचारा.

त्याच पानावर आणखी काही नोंदी हव्यात. गेल्या महिन्यात ताप आला होता का? जुलाब-उलट्या झाल्या का? शरीरातलं पाणी कमी झालं की हे औषध मूत्रपिंडावाटे नीट बाहेर पडत नाही. दारू घेतली असेल तर तेही खरं खरं लिहा. दुखणं थांबेना म्हणून परस्पर घेतलेल्या गोळ्या, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक, काढे, चूर्णं हे सगळं एका पिशवीत घालून सोबत न्या. को-ट्रायमॉक्साझोल हे लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं औषध मेथोट्रेक्सेटबरोबर धोकादायक ठरतं, त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिलं वाक्य असू द्या. गुळवेलीबद्दल मी मुद्दाम सांगते. २०२० मध्ये कोविडच्या दिवसांत ती घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणून ती लपवू नका.

मळमळ, डोसनंतरच्या दिवशीचा थकवा, केस गळणं या तक्रारी कोणत्या दिवशी सुरू होतात आणि किती वेळ टिकतात ते लिहा. त्यावर उपाय असतात: डोस विभागून देतात, गोळीऐवजी इंजेक्शन देतात. सोसत बसण्याची गरज नाही. पण कोरडा खोकला आणि धाप, तोंड येऊन गिळताही न येणं, अंगावर आपोआप काळे-निळे डाग, डोळे पिवळे होणं किंवा थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या कित्येक महिने आधी बोला, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

दुष्परिणाम झाला तर रुग्ण स्वतःही कळवू शकतात. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. तो वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा आणि खाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहा: ताप असलेल्या आठवड्यात डोस घ्यायचा का, एखादा डोस राहिला तर काय करायचं, कोणती लस चालते, पुढचं रक्त कोणत्या तारखेला, आणि रिपोर्ट बिघडला तर रात्री कोणाला फोन करायचा.