पावसाळ्यानंतर बंद पडलेली ई-सायकलची बॅटरी

जूनमध्ये जिन्याखाली ठेवलेली ई-सायकल ऑक्टोबरात बाहेर काढली आणि बटण दाबूनही डिस्प्ले उजळला नाही, की बॅटरी गेली असे आपण ठरवून मोकळे होतो. पण ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत सेलचे १० गट एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांतल्या एकाचाही व्होल्टेज मर्यादेखाली उतरला, की आतले संरक्षक सर्किट (बीएमएस) बाहेर जाणारा प्रवाह तोडते. बॅटरी तेव्हा मेलेली असेलच असे नाही.

आधी सायकल बंद करून कुलूप उघडावे आणि बॅटरी तिच्या पट्टीवरून सरकवत उचलावी. ती अडली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये; पट्टीत बहुधा वाळलेला चिखल असतो, तो ब्रशने निघतो. संपर्काच्या पिनाही पाहाव्यात. माझ्या बॅटरीच्या एका पिनेवर काडीच्या गुलाएवढा हिरवट थर चढला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर निघाला. आवरण फुगलेले असेल, आत पाणी शिरल्याच्या खुणा असतील किंवा रसायनाचा वास येत असेल, तर मात्र चार्जर लावूच नये.

त्यानंतर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) घ्यावा. चार्जरच्या पिनेवर साधारण ४२ व्होल्ट दिसतात का ते आधी पाहावे, कारण बॅटरीच्या नावाने खडे फोडले जातात आणि बिघडलेला असतो चार्जर. बीएमएसने प्रवाह तोडला असेल, तर बॅटरीच्या बाहेरच्या टोकांवर शून्य दिसू शकते; खरा आकडा आत, प्रत्येक गटावर मोजावा लागतो, आणि सवय नसेल तर हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

गट २.५ ते ३ व्होल्टच्या दरम्यान असतील, तर अतिशय कमी प्रवाहाने ते ३ व्होल्टपर्यंत आणून मग नेहमीचे चार्जिंग करता येते. एखादा गट २ व्होल्टखाली बराच काळ राहिला असेल, तर आतल्या पत्र्याचे तांबे विरघळून पुन्हा भलत्याच जागी बसते. असा सेल चार्ज झाला तरी आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो, म्हणून तिथे थांबलेच पाहिजे. बीएमएसला बगल देऊन थेट तारा जोडण्याचा उपाय कुणी सुचवला, तर तो ऐकू नये.

चार्जिंग फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, आपण जागे असताना करावे. बॅटरी हाताला गरम लागली, तर चार्जर लगेच बंद करावा. पूर्ण चार्ज झाल्यावर चार्जर काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी गट पुन्हा मोजावेत. एकच गट इतरांपेक्षा बराच खाली आला असेल, तर तो पॅक, म्हणजे ती पूर्ण बॅटरी, निकामी समजावा. त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.